टेंग्वार शिकायची तर आधी 'क ख ग घ' आठवा

तर मंडळी, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी लिहिणाऱ्या टोल्कीनची ती अंगठीवर कोरलेली लिपी, टेंग्वार, तिची व्यंजनं आज शिकायचीत. आधीच सांगतो, 24 अक्षरं पाठ करत बसू नका, मी तोच गाढवपणा केला होता, दोन आठवडे गिरवली आणि तरी रोज उजवं-डावं उलटं व्हायचं.

टोल्कीन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक, म्हणजे मूळचा भाषेचाच माणूस. 1955 साली त्या कादंबरीचा शेवटचा खंड आला त्याच्या परिशिष्टात त्यांनी ही सगळी सिस्टिम मांडलीये, आणि ती वाचताना मराठी माणूस हसतोच, कारण ही तर आपली वर्णमाला! दंत्य, ओष्ठ्य, तालव्य, कंठ्य असे चार वर्ग. अक्षराला फक्त एक दांडी आणि एक पोट.

पोट दांडीच्या उजवीकडे आणि उघडं असलं की त, त्याचं नाव टिंको. तेच रेघ मारून बंद केलं की प, पार्मा. पोट डावीकडे गेलं आणि उघडं राहिलं तर च, बंद झालं तर क. (टोल्कीननेच रचलेल्या क्वेन्या भाषेत ही शेवटची दोन वेगळी वाचतात, कारण इथे अक्षराला आवाज कायमचा चिकटलेला नसतो, भाषा बदलली की तोही बदलतो. आज ते सोडा.)

आता खरी गंमत. एक पोट काढलं तर त, दोन पोटं काढली की द. प चा ब, च चा ज, क चा ग, सगळीकडे तोच नियम. इथवर दांडी ओळीच्या खाली लोंबत असते, तीच वर उचलली की आवाज घासत बाहेर येतो, म्हणजे प चा एफ होतो. आपला फळातला फ नव्हे हं, फॅनमधला! दांडी छाटून बुटकी केली आणि पोटं दोन ठेवली की न, म, ञ, ङ. म्हणजे दांडीच्या तीन तऱ्हा, प्रत्येकीत पोट एक किंवा दोन, अशा सहा ओळी, आणि वर्ग चार, झाली 24. स्वर वेगळे, ते डोक्यावर मात्रेसारखे बसतात.

मग तुम्ही विचारणार, ख, थ, फ चं काय? मला वाटलेलं नसणारच, इंग्रज माणसाला कशाला सुचतंय ते, पण परिशिष्टात एका वाक्यात आहे की दांडी वर आणि खाली दोन्हीकडे वाढवली की महाप्राण. मी ते वाचून खुर्चीतून उठलो होतो अक्षरशः.

अडतं ते ट-वर्गापाशी. चार वर्ग त, प, च, क मध्येच संपतात, ट ला जागाच नाही. ळ चं जमवलं मी, लाम्बे म्हणजे ल, तो या 24 च्या बाहेरचा, त्याचाच थोडा बदललेला भाऊ आल्दा आपल्याला कुठे लागत नाही, तोच घेतला, बाळ, काळ मस्त लिहिता येतं. ट ला मात्र सध्या त लिहून खाली टिंब देतो, आणि घाईत टिंब राहिलं की वाटाण्याचा वाताणा होतो. कुणाला बरी आयडिया असेल तर या फळ्यावर येऊन काढून दाखवा.