माहेरी गेलेलं बाळ कोणी मोजायचं?

मुलांनो, ओळख करून देताना सरांनी मला डॉक्टर म्हटलं, पण मी रुग्ण तपासत नाही. मी बायोस्टॅटिस्टिशियन आहे. कोणत्या औषधाने, कोणत्या उपायाने खरंच माणसं वाचतात, हे आकड्यांवरून ताडून पाहणं हे माझं काम. मी आर्वीकडच्या एका खेड्यातली. यंदा कापूस किती क्विंटल झाला हे बाबा सांगायचे, की आई लगेच विचारायची, "पण किती एकरात?" अंश ऐकला की छेद विचारायचा, ही सवय मला आईने लावली. कॉलेजात गेले ते नंतर.

बालमृत्युदर तुम्ही पाठ केला असेल: हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली मुलं. भागाकार शाळेतला आहे. अवघड आहे ते त्यात एकही मूल सुटू न देणं.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट सांगते. आमचा नवजात बाळांचा अभ्यास चालू होता. गावातल्या नोंदवहीतून जन्म-मृत्यू उचलायचे, असा आराखडा मीच केला होता. एका दुपारी आशाताईंच्या ओसरीवर बसून वही चाळत होते. एका ओळीत बाईचं नाव, पाळीची तारीख, तपासण्या, लोहाच्या गोळ्या, सगळं नीट लिहिलेलं. पुढचे रकाने कोरे.

"हिचं पुढं काय झालं?"

"थे माहेरी गेली ना, मॅडम. तिकडंच झालं तिचं. मंग इथं कायले लिहू?"

आम्ही तिच्या माहेरच्या गावी गेलो. तिथल्या ताई म्हणाल्या, "पोरगी आमची, पण नोंद सासरची." बाळ आठव्या महिन्यात झालं होतं आणि तिसऱ्या दिवशी गेलं होतं. दोन्ही वह्यांत ते नव्हतं. आजीने पेटीतून त्याचं दुपटं काढून माझ्या हातात दिलं. जुन्या लुगड्याचं, हाताने शिवलेलं, अजून कडक होतं. एकदाही धुतलेलं नव्हतं.

अशी मुलं चिठ्ठी टाकल्यासारखी कुठूनही सुटत नाहीत, हे त्या दिवशी मला कळलं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि पहिलटकरणीच्या बाळाला पहिल्या महिन्यात धोका जास्त असतो. म्हणजे ज्यांना धोका जास्त, नेमकी तीच मोजणीतून जातात. कागदावर दर कमी होतो आणि गाव सुधारलं असं आपण समजतो. आराखडा बदलून घेतला. सासर आणि माहेर असे दोन वेगळे रकाने घातले, आणि घरोघर फिरून पुन्हा विचारणं सुरू केलं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम मी याच नजरेने वाचते. 39 गावांत त्यांनी प्रशिक्षित आरोग्यदूतांकडून घरीच नवजात बाळाची काळजी घेतली आणि तुलनेला 47 गावं ठेवली. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. नवजात मृत्युदर, तुलनेच्या गावांचा कल धरून, 62 टक्क्यांनी कमी झाला होता. 2011 पासून देशभरच्या आशाताई घरी जाऊन बाळ तपासतात, त्याच्या मुळाशी हा अभ्यास आहे. माझ्या लेखी त्यातली खरी कमाई गावागावांतली जन्म-मृत्यूची चिकाटीची मोजणी आहे. ती कच्ची असती तर 62 या आकड्याला कोणी विचारलं नसतं.

औषधांच्या चाचणीतही हेच. 1948 साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध कोणाला द्यायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हतं, बंद लिफाफ्यातल्या चिठ्ठीवरून ठरायचं. सहा महिन्यांत औषध घेतलेल्या 55 पैकी 4 जण दगावले, फक्त विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14. लिफाफ्यामुळे दोन्ही बाजू सारख्या होतात. पण मध्येच माणसं गळाली की तो सारखेपणा मोडतो. म्हणून ज्याला जी बाजू मिळाली, त्याने औषध सोडलं तरी त्याला शेवटी त्याच बाजूला मोजायचं.

गावंच्या गावं वाटून चाचणी करायची तर आणखी एक हिशेब लागतो. एका गावातली मुलं एकच पाणी पितात, एकाच दवाखान्यात जातात, एकमेकांसारखी असतात. दर गावी 101 मुलं आणि त्यांच्यातलं साम्य (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे अगदी सारखी) 0.02 धरलं, तर 1 अधिक 100 (101 मधून एक वजा) गुणिले 0.02, म्हणजे 3. एकेक मूल वेगळं वाटलं असतं त्याच्या तिप्पट मुलं लागतील. हे न करता छोटा अभ्यास उरकणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आले, अजून भांडते. त्यात लोकांचा वेळ जातो, रक्ताचे नमुने जातात, आणि हाती काही लागत नाही.

मेळघाटात काम करायचं असेल तर कॅलेंडर त्या लोकांचं घ्या. दिवाळीनंतर तिथली कोरकू आदिवासी कुटुंबं मजुरीला खाली उतरतात. जानेवारीत फेरी लावाल तर दाराला कुलूप. आम्हीही एका वर्षी अशीच कुलपं मोजून आलो. मग फेरी होळीवर नेली, कारण होळीला सगळे घरी येतात. पाड्यावर ढोल वाजत होता, आमच्या ताई झाडाला वजनकाटा टांगून उभ्या होत्या, आणि बाया आपणहून पोरं झोळीत घालायला रांगेत येत होत्या. आधी रिकाम्या झोळीचं वजन, मग पोराचं.