उशीर झालाय, निघा

आधी हे बूट बघा. गल्लीतून चाललेत, जरा घाईतच. कॅमेरा वर गेला की दारात बसलेला एक माणूस दिसेल, मान खाली, डोळे मिटलेले. आता खोकला, ऐकलंत? नाटक करतोय तो, पण समोरून येणाऱ्याला ते माहीत नाहीये.

हा सीन आम्ही नव्याने उभा केलाय. मूळ प्रयोग अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा, डिसेंबर १९७०. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन हे दोन मानसशास्त्रज्ञ, आणि त्यांनी मुद्दाम पाद्री व्हायला निघालेली पोरं घेतली, म्हणजे दयामाया यांच्याकडे नाही तर कुणाकडे असणार, अशी. आधी प्रश्नावली भरून घेतली, धर्म तुमच्यासाठी नक्की काय आहे वगैरे. मग सांगितलं, शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन थोडंसं बोलायचंय, आणि वाट याच गल्लीतून. काहींना विषय दिला नोकरीचा आणि काहींना बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याचा, तीच गोष्ट, रस्त्यात अर्धमेला पडलेल्याला धर्माची माणसं टाळून जातात आणि एक परका थांबतो ती. (विषय निवडणाऱ्याला मानलं पाहिजे.)

आता हा मदतनीस, पोरांना तिकडे पाठवणारा. याच्या तोंडाकडे लक्ष ठेवा, सगळी मेख इथेच आहे. एकाला म्हणतो, तिथल्या लोकांना अजून वेळ आहे पण निघायला हरकत नाही. दुसऱ्याला, ते तयारच आहेत, लगेच जा. आणि तिसऱ्याला घड्याळात बघून, अहो उशीर झालाय तुम्हाला, ते केव्हाचे वाट बघतायत, पळा. बस, फरक एवढाच. गल्ली तीच, माणूस तोच, खोकला तोच.

परत बूट. हे थांबले... आणि हे नाही थांबले.

निवांत निघालेल्यांपैकी ६३ टक्के पोरांनी काही ना काही मदत केली, मधल्यांपैकी ४५, उशीरवाल्यांपैकी १०. शोमरोन्याची गोष्ट डोक्यात घोळत असल्याने म्हणावा असा फरक पडला नाही, काही जण तर त्याच गोष्टीवर बोलायला जाताना त्या माणसाला चक्क ओलांडून गेले, आणि थांबणार कोण नाही कोण ते प्रश्नावलीवरूनही कळेना.

१९७३ ला पेपर आला, पुढे गिल्बर्ट हार्मन, जॉन डोरिस अशा तत्त्वज्ञांनी माणसाला पक्का स्वभाव असतो का हाच प्रश्न काढला, ४० पोरांवरून एवढं बोलायचं का यावर भांडणंही झाली, असो.

मला त्या १० टक्क्यांपेक्षा उरलेले ९० जास्त आठवतात. ढोंगी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण न थांबलेल्यांपैकी बरेच जण पलीकडे पोचले तेव्हा अस्वस्थ होते, असं त्या दोघांनीच लिहून ठेवलंय. हा चेहरा बघा.

गल्ली पुन्हा रिकामी. दारातला माणूस मान खाली घालतो. पुढच्याला काय सांगून पाठवलंय ते त्यालाही माहीत नसायचं. पावलं वाजतायत.