गाडी गरम, पंपावर ओलं फडकं

घाट चढून लोणावळ्यात थांबलो, चिक्की घेतली, चहा झाला, जेमतेम दहा मिनिटं. आता सेल्फ मारतोय तर इंजिन फिरतंय नुसतं, लागायचं नाव नाही. मागच्या सीटवरून लगेच आलं, "म्हटलं होतं ना, दुसरी गाडी काढा."

ही प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. तिचा काही दोष नाही हो, कार्बोरेटरवाल्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारं ते यंत्र असलेल्या, बऱ्याच जुन्या गाड्यांची हीच कथा. चालू होती तोवर मस्त होती, खरा घोळ बंद केल्यावर सुरू होतो, कारण फॅन बेल्टवर फिरतो, इंजिन थांबलं की तोही थांबला, पाणी फिरायचं थांबलं, आणि ब्लॉकमधली सगळी धग वर कार्बोरेटरला जाऊन भिडते. पेट्रोलमधला हलका भाग तर ४० डिग्रीच्या आसपासच उकळायला लागतो.

मग दोनातलं एक होतं. फ्लोटच्या वाटीतलं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीतलं, पेट्रोल उकळून जेटमधून आत सांडतं, गाडी ओव्हर होते, म्हणजे पेट्रोल जास्त झाल्याने पेटतच नाही. नाहीतर एसी पंपात, म्हणजे इंजिनला लागून असलेला पेट्रोल ओढणारा पंप, त्यात वाफ भरते, तो वाफच ढकलत बसतो आणि वाटी कोरडी. बाहेरून दोन्ही सारखंच, इलाज मात्र उलटे. मी एकदा न बघताच नवी कॉइल, म्हणजे प्लगला स्पार्क पुरवणारी, घालून आलो होतो, पैसे गेले, गाडी पुढच्या घाटात परत तशीच.

म्हणून आधी बघायचं. इग्निशन बंद, विडी-सिगरेट लांब, एअर फिल्टर काढा, कार्बच्या घशात डोकावत हाताने थ्रॉटल ओढा. आत पेट्रोल गळतंय, भपकन वास येतोय, तर ओव्हर: चोकला हात नाही, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा, उगाच पाय मारू नका, आणि सेल्फ. थ्रॉटल ओढल्यावर पेट्रोलची पिचकारी नीट उडतेय, प्लग कोरडे आणि तरी लागत नाही, तर मग स्पार्क बघा, तेव्हा कॉइलवर संशय घ्या.

आपल्याकडे? पिचकारीच नाही, घसा कोरडा, म्हणजे पंपात वाफ. बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवून पंपावर गुंडाळलं, दोन मिनिटांत कोमट, परत भिजवलं. तिसऱ्यांदा भिजवल्यावर पंपाची हातदांडी मारली, वाटी भरली. घरी गेल्यावर कार्बखालचं, धग अडवणारं बेकलाइटचं पॅकिंग बघायचंय, पेट्रोलची लाइनपण एक्झॉस्टपासून जरा लांब न्यायचीय.

सेल्फ. दोनदा अडखळली, लागली. मागच्या सीटवर तोवर निम्मी चिक्की संपलेली.