हात बसल्यानंतर

(दृश्य : पुण्यातल्या एका कला महाविद्यालयाचा स्टुडिओ. सकाळ.)

एम.एफ.ए.च्या, म्हणजे चित्रकलेतल्या पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षाची खोली. टर्पेंटाइनचा वास भिंतींत मुरलेला. सहा फुटी कॅनव्हाससमोर बार्शीची एक मुलगी उभी आहे. तिचा हात केव्हाच बसलाय. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट झाली, मग बी.एफ.ए. या पदवीची चार वर्षं : स्टिल लाईफ, हेड स्टडी, लाईफ, कॉम्पोझिशन. मंडईत आणि तुळशीबागेत बसून केलेल्या स्केचेसचे तर गठ्ठे आहेत. समोर मॉडेल बसवा, दुपारपर्यंत चेहरा हुबेहूब उतरतो.

तरी बरेच दिवस हा कॅनव्हास अडून बसलाय. तिने आडत दुकानातल्या वडिलांचं पोर्ट्रेट काढलं. सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पण का काढलंस?"

बी.एफ.ए.त हे कुणी विचारत नाही. तिथे विषय ठरलेला, कागदाचा आकार ठरलेला, सबमिशनची तारीख तर ठरलेलीच. एम.एफ.ए.त विषय आपला आपण शोधायचा, दोन वर्षं त्याची पाठ सोडायची नाही, वर त्यावर प्रबंधिका लिहायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा द्यायची. बोलायचा कंटाळा म्हणून चित्रकलेकडे वळलेली मुलं इथे घायकुतीला येतात.

(दृश्य : नारायण पेठ. जुना जिना.)

ती इथे कॉट बेसिसवर राहते. घरमालकीण काकूंची शंका वेगळीच आहे. "अगं, चित्रकलेतही मास्टर्स असतं? मग आधीची चार वर्षं काय केलंस?"

काकूंच्या घरापासून शनिवारवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1790 च्या दशकात तिथे चित्रशाळा भरत होती. पेशव्यांच्या दरबारातला ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट त्या शाळेच्या पाठीशी होता आणि जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार शिकवत होता. गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराने त्याच काळात मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली. त्याची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्स 1795 मध्ये वारला. पुढे 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला आणि देवादिकांची, ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापाची चित्रं घरोघरी भिंतींवर आली.

गंगारामला 'का काढलंस' असं विचारण्याचं कारणच नव्हतं. मॅलेटला हवं होतं, म्हणून. छापखान्याला गिऱ्हाईक ठाऊक होतं. आजच्या एम.एफ.ए.च्या मुलीला ना मॅलेट आहे, ना गिऱ्हाईक. मागणीच नसली की कारण स्वतःकडूनच आणावं लागतं, आणि माझ्या मते या दोन वर्षांचा खरा अभ्यासक्रम तोच. चित्र सफाईदार करणं घरीही जमतं.

(दृश्य : प्रिंटमेकिंगची खोली. प्रेसचं चाक फिरतंय.)

दिवाळीच्या सुट्टीहून येताना तिने दुकानातलं एक फाटकं पोतं आणलं. कशासाठी, ते तिलाही नीट सांगता येत नव्हतं. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवला आणि ती या खोलीत येऊ लागली.

जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा मऊ लेप द्यायचा. त्यावर पोत्याचा तुकडा ठेवून प्रेसखाली दाबायचा. तुकडा उचलला की जिथे जिथे धागा होता, तिथला लेप त्याच्याबरोबर निघून येतो. पत्रा ॲसिडमध्ये सोडला की उघडं पडलेलं तेवढंच खाल्लं जातं. किती वेळ ठेवायचा, हे पत्र्याकडे बघून ठरवायचं; जरा जास्त झालं की वीण संपते आणि नुसता काळा डाग उरतो. मग शाई भरायची, जाळीच्या कापडाने पुसायची, शेवटचा हात तळव्याने. ओलसर कागद वर ठेवून प्रेसमधून काढला की पोत्याचा धागा न् धागा कागदावर येतो. शिवण येते, सुतळीची गाठ येते, हमालाचा आकडा जिथे घुसला ते भोकसुद्धा येतं.

सरांनी पुन्हा तेच विचारलं.

"बाबा आडतीत पोती मोजतात. मला त्यांचा चेहरा काढता येत होता, त्यांचं काम नव्हतं येत."

सर काही बोलले नाहीत. ॲसिडची वेळ थोडी कमी कर, एवढंच म्हणाले.

(दृश्य : ग्रंथालय. टेबलावर नेट परीक्षेची पुस्तकं.)

पदवीनंतरचा नेहमीचा रस्ता अध्यापनाचा, आणि त्याच्या तोंडाशी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटला तीन तासांत 150 प्रश्न, सगळे संगणकावर, सगळे पर्यायी. भारतीय चित्रकलेच्या षडंगाची, म्हणजे सहा अंगांची, नावं, अजिंठ्यातली लेणी, क्यूबिझम कुणाचा. चित्रकला शिकवायची पात्रता ठरते, पण एकही रेघ न मारता. यावर स्टुडिओत विनोद होतात आणि अभ्यासही होतो. काही जण शनिवार-रविवार इंटरमिजिएटचे क्लास घेतात, रंगांचा खर्च त्यातून सुटतो.

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन करायचं तर तारखेसाठी वर्षं थांबावं लागतं. म्हणून तिने आणि वर्गातल्या तिघांनी घोले रोडच्या कलादालनात चौकशी केली आहे. भाडं चौघांत वाटायचं ठरलंय. फ्रेमचा खर्च मात्र ज्याचा त्याचा.