लाल की पांढरी? भरिताच्या पंगतीतला सवाल

[दृश्य : रात्र, शेत, पऱ्हाट्यांचा जाळ]

जानेवारी संपत आलाय. यावल तालुक्यातल्या या शेतातली कपाशी कधीच निघाली आणि आता तिच्याच पऱ्हाट्या पेटल्यात. जाळावर वांगी आहेत. हिरवट, अंगावर पांढऱ्या रेघा असलेली, चांगली थोराड. जळगावच्या याच भरिताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साल काळी पडून तडकते, आतलं पाणी फसफसत बाहेर येतं. मग सोललेलं वांगं बडजीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात जातं. तिथे हिरवी मिरची आणि लसूण आधीच ठेचून तयार. मिरची किती, हे विचारायचं नसतं. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. पंगत केळीच्या पानांवर, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी.

आणि यंदा पंगतीच्या एका कडेला थोडी कुजबुज. नाशिकहून आलेल्या वाइनच्या दोन बाटल्या, एक लाल, एक पांढरी. काचेचे नाजूक ग्लास कोण आणणार शेतात? स्टीलचे पेले आहेत.

शेताचे मालक आप्पा बाटली बघूनच निकाल देतात, "लाल म्हंजे खरी वाइन, भो. पांढरी म्हंजे नुसतं सरबत."

हे मत आप्पांचं एकट्याचं नाही. खानदेशात वाइन घेणारे मुळात थोडे, आणि त्यातल्या बहुतेकांनी लालच धरून ठेवलेली असते. पांढरी न चाखताच.

[दृश्य : नाशिक परिसर, सकाळ, द्राक्षतोडणी]

वाइनची द्राक्षं बाजारातल्या थॉम्पसनसारखी लांबट, बिनबियांची नसतात. ही बारीक, गोल, जाड सालीची, आत बिया. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीनंतर आलेला माल जानेवारी ते मार्चमध्ये उतरतो. नाशिकची उंची सुमारे ६०० मीटर. तिथल्या थंड रात्रींमुळे द्राक्षात गोडीबरोबर आंबटपणाही टिकतो. आपल्या तापीकाठची ऊब केळीला मानवते, या द्राक्षाला नाही.

आता हा मणी बघा. शिराझ, लाल वाइनची जात. काळाभोर. बोटांत दाबला की रस मात्र जवळजवळ बिनरंगी निघतो. जांभळी होतात ती सालीला लागलेली बोटं. लाल आणि पांढरीतला सगळा फरक इथून सुरू होतो.

पांढरीसाठी, म्हणजे शेनिन ब्लाँ किंवा सोविन्यों ब्लाँसारख्या जातींची द्राक्षं आली की लगेच दाबून रस वेगळा काढतात. साल, बिया बाजूला. रस थंड टाकीत निवळतो आणि १२ ते १८ अंशांवर सावकाश आंबतो. घाई केली, टाकी तापू दिली, तर फळाचा वास उडून जातो.

लालसाठी सालीसकट सगळा लगदा टाकीत. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो वायू सालींना वर ढकलतो. हा जाड जांभळा थर दिसतोय ना? तो कोरडा पडू द्यायचा नाही. म्हणून खालचा रस पंपानं उचलून पुन्हा त्याच्यावर सोडतात, दिवसातून दोन-तीन वेळा, आठवडाभर किंवा त्याहून जास्त. सालीतून रंग उतरतो. त्याबरोबर उतरतं टॅनिन, जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आवळते तसा तुरटपणा देणारं.

[दृश्य : पुन्हा शेत, पेल्यात वाइन]

आता भरिताचा घास आणि मागून लाल वाइनचा घोट. आप्पांच्या कपाळावरचा घाम बघा.

मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेची आग करतं, अल्कोहोल ती आग वाढवतं, आणि वर टॅनिन तोंड कोरडं पाडतं. लालमध्ये अल्कोहोल बहुधा थोडं जास्तच. थंडगार, किंचित गोडसर शेनिनमध्ये टॅनिन नावापुरतं, आणि गारवा व गोडवा मिरचीला आवरतात. आंबटपणा तेलाची फोडणी धुऊन नेतो. भरिताशी पांढरीच जाते, हे आम्ही छातीठोक सांगतो.

लालची जागा वेगळी. काळ्या मसाल्याच्या मटणात चरबी आणि प्रथिनं टॅनिनला बोथट करतात, शिराझचा मिरीसारखा वास मसाल्यात मिसळतो. ही पंगत शाकाहारी होती, तेव्हा ते राहू दे.

राहिला थंडपणाचा प्रश्न. "लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी" असं ऐकून लोक बाटली कपाटात ठेवतात. ती खोली युरोपातली, १५ ते १८ अंशांची. जळगावात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो; कपाटातली बाटली म्हणजे काढाच. लाल असली तरी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी मात्र ८ ते १२ अंशांवर. आज रात्रीच्या थंडीनं हे काम फुकटात केलंय.

२००१च्या धोरणानं महाराष्ट्रात वाइन उद्योगाला चालना मिळाली. २०२२मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, विरोध झाला आणि निर्णय रखडला. दारूनं खानदेशात घरं मोडलीत, आणि वाइनही दारूच आहे. लाल हृदयाला चांगली म्हणून प्यायची सबब जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही.

[दृश्य : आप्पा, जवळून]

पानावर भरीत दुसऱ्यांदा आलंय. आप्पांचा पेला बघा, या वेळी त्यात पांढरी आहे. आवडली का, असं विचारल्यावर ते आधी आजूबाजूला बघतात.

"भरिताले पांढरीच. पण चारचौघांत विचारशीन, तं मी लालच सांगीन."