सात रात्री पाण्यावर: मालदीवच्या सफारी बोटीची तयारी

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईहून माले विमानानं जेमतेम तीन तासांवर आहे. कर्नाटकातलं नेत्राणी बेट झालं, अंदमान झालं, की आपल्याकडच्या स्कूबा डायव्हरची नजर मालदीवकडे वळते. तिथं बोटीवरच राहायचं, तिथंच जेवायचं-झोपायचं आणि दिवसाला तीन बुड्या मारायच्या. जगभर याला लिव्हअबोर्ड म्हणतात, मालदीवमध्ये सफारी बोट. सात रात्रींत सतरा-अठरा बुड्या सहज होतात. बुडीसाठी सोबत एक वेगळी होडी असते, तिचं नाव धोनी. (नाही, त्या धोनीशी काही संबंध नाही.) सिलिंडर आणि कंप्रेसर धोनीवर असतात, त्यामुळे मुख्य बोटीवर खडखडाट नसतो.

आधी एक गैरसमज दूर करू. तारकर्ली-मालवणला प्रशिक्षकानं धरून पाण्याखाली नेलं आणि फोटोसह कागद दिला, तर तो कागद आठवण म्हणून जपावा. इथं तो चालत नाही. इथं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर या पुढच्या पातळीच्या कोर्सचं कार्ड आणि लॉगबुकात, म्हणजे बुड्यांच्या नोंदवहीत, निदान पन्नास बुड्या हव्यात. काही बोटी याहून कमी अनुभवावर घेतात, पण मग त्यांचा मार्ग सोपा आहे ना, हे विचारावं.

पन्नास कशासाठी? मालदीवची प्रवाळबेटं (अटोल) बांगडीसारखी गोल आहेत आणि त्या बांगडीला फटी आहेत. फटीला तिथं कांडू म्हणतात. भरतीचं पाणी कांडूतून आत घुसतं, ओहोटीला बाहेर पडतं. पाणी आत येत असताना कांडूच्या तोंडाशी शार्क प्रवाहाला तोंड करून उभे राहतात, आणि ते बघायचे तर आपल्यालाही तिथं टिकून राहावं लागतं. बुडी आत येणाऱ्या पाण्यातच मारायची. बाहेर जाणारं पाणी गढूळ असतं आणि माणसाला उघड्या समुद्रात ओढून नेतं.

अशा ठिकाणी उडी मारून वर तरंगत, एकमेकांना ओके करत बसता येत नाही. अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमधली हवा पूर्ण काढून उडी मारायची आणि थेट खाली जायचं. एकानं सवयीनं जॅकेट फुगवलं आणि मिनिटभर वर राहिला, की प्रवाह त्याला कांडूच्या आत नेतो आणि बाकीचे खाली त्याच्या तोंडाशी राहतात. कान आधीच, होडीवर असतानाच एकदा मोकळे करून घ्यावेत. खाली पोचल्यावर रीफ हुक, म्हणजे दोरीला बांधलेला आकडा, मेलेल्या खडकात अडकवायचा, जिवंत प्रवाळात नाही. मग जॅकेटमध्ये थोडी हवा भरली की माणूस पतंगासारखा स्थिर राहतो. सुटताना आधी ती हवा काढायची, मग हुक. क्रम उलटा झाला की माणूस बुचासारखा वर सुटतो.

म्हणून तारखा ठरवताना पंचांग बघा. कोकणातल्या कोळ्याला हे सांगावं लागत नाही: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सौम्य भरती-ओहोटी. उधाणाला कांडूतला प्रवाह जोरात असतो, शार्कही जास्त दिसतात. पहिलीच सफारी असेल तर भांगाचा आठवडा निवडावा, असं आमचं मत. वाऱ्याचंही गणित आहे. जानेवारी ते एप्रिल पाणी पूर्वेकडून पश्चिमेला वाहतं, त्यामुळे पूर्वेकडच्या कांडूंत पाणी स्वच्छ आणि शार्क जास्त, तर गढूळ, प्लवकांनी भरलेल्या पश्चिम बाजूला मांटा रे, हे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे सपाट मासे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत हे उलटतं. त्या दिवसांत बा अटोलमधल्या हानिफारू उपसागरात मांटा गोळा होतात, पण तिथं सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल, म्हणजे तोंडात नळी धरून वरूनच बघायचं. ते न वाचता बुकिंग करणारे तिथं पोचल्यावर चिडतात.

आता हवेचा हिशेब. मालदीवमध्ये हौशी डायव्हरला ३० मीटरची मर्यादा आहे. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा लागणाऱ्याला ३० मीटरवर दाबामुळे चौपट, म्हणजे ऐंशी लिटर लागते. बारा लिटरच्या सिलिंडरमधले दीडशे बार (बार हे दाबाचं एकक) वापरायचे धरले तर अठराशे लिटर, म्हणजे फक्त बावीस मिनिटं. प्रवाहात पाय मारले तर त्याहून कमी. साध्या हवेवर ३० मीटरची विनाथांबा मर्यादाही (वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येतं तो वेळ) वीस मिनिटांच्या आसपास असते. नायट्रॉक्सवर, म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजन असलेल्या मिश्रणावर, ती साधारण अर्ध्या तासावर जाते. रोज तीन बुड्या, सलग पाच-सहा दिवस, म्हणजे शरीरात नायट्रोजन साठत जातो. नायट्रॉक्सचा कोर्स घरी असतानाच उरका. मात्र ते मिश्रण ३३-३४ मीटरच्या खाली विषारी ठरू शकतं, म्हणून प्रत्येक सिलिंडर स्वतः ॲनलायझरवर तपासून मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये आकडा भरायचा. दुसऱ्यानं तपासलं म्हणून सोडून द्यायचं नाही.

एसएमबी, म्हणजे होडीला आपण दिसावं म्हणून खालून वर सोडायचा तो नारिंगी लांब फुगा, प्रत्येकाकडे स्वतःचा हवा आणि पाच मीटरवरून सोडायचा सराव हवा. दोरीचं रीळ अडकलं तर फुगा माणसालाच वर खेचतो. म्हणून रीळ हातात धरायचं, जॅकेटला अडकवायचं नाही, आणि गुंतलं की सोडून द्यायचं. निघायच्या महिन्याभरात नेत्राणीला किंवा अंदमानात स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) चार-पाच बुड्या मारून हे घोटून घ्या. कमरेला लावायचं शिशाचं वजनही तिथंच ठरवा: सिलिंडरमध्ये पन्नास बार उरले असताना, जॅकेट रिकामं करून पाच मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे. ॲल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं होता होता तरंगायला लागतं, हे विसरलं की वर येण्याआधी पाच मीटरवर घ्यायच्या सुरक्षाथांब्यावर फजिती होते.

बोट निवडताना लोक केबिनचे फोटो बघतात. तुम्ही बाहेर पडायच्या वाटा बघा. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियात सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या कन्सेप्शन या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि ३४ जण गेले. झोपायची जागा खाली होती. तिला वाटा दोन होत्या, पण दोन्ही वरच्या एकाच दिवाणखान्यात उघडत होत्या, आणि आग तिथंच होती. रात्री गस्त घालणारा कोणी नव्हता. तेव्हा आरक्षणाआधी लेखी विचारा: खालच्या केबिनमधून दुसरी वाट कुठे निघते? रात्री जागा कोण असतो? कॅमेऱ्याच्या, टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात? ऑक्सिजन किती माणसांना, किती तास पुरेल? बोटीवर चढल्यावर पहिल्या संध्याकाळी ती दुसरी वाट एकदा स्वतः चालून बघा. केबिनमध्ये चार्जिंग लावून झोपू नका.

रेग्युलेटरची, म्हणजे सिलिंडरमधून श्वास घ्यायच्या यंत्राची, सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या आठवड्यात करून आणणं ही नेहमीची चूक. सर्व्हिसिंगनंतरच ओ-रिंग (हवा रोखणारी रबरी कडी) चिमटते किंवा हवा सुटत राहते, म्हणून महिनाभर आधी करा आणि एकदा पाण्यात वापरून बघा. डब्यात सुटे ओ-रिंग, एक माउथपीस, प्लास्टिकचे टाय, फिनचा पट्टा आणि कॉम्प्युटरची बॅटरी टाका. समुद्रात दुकान नाही. सिलिंडरला रेग्युलेटर जोडायच्या दोन प्रकारांपैकी डिन बसतं की योक, तेही विचारून ठेवा. रेग्युलेटर, कॉम्प्युटर, मास्क आणि सगळ्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. मोठी बॅग मऊ कापडाची घ्या, कडक सूटकेस केबिनमध्ये ठेवायला जागा नसते. पाणी २७ ते ३० अंशांचं असलं तरी चौथ्या दिवशी थंडी वाजते. तीन मिलिमीटरचा सूट बरा.

वैद्यकीय अर्जात काही प्रश्नांना 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते. ती मालेत शोधायची वेळ येऊ देऊ नका. बोट लागण्याची गोळी घरी एकदा घेऊन बघा, कारण काहींनी झोप येते. सर्दीत नाक मोकळं करणारं औषध घेऊन उतरू नका. त्याचा असर खाली असतानाच संपला तर वर येताना कान-सायनसमधली हवा अडकते. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं, निदान खोलीची मर्यादा असते. डायव्हिंगचा वेगळा विमा काढा, रिकंप्रेशन चेंबर (नायट्रोजनचा त्रास झाल्यास उपचाराची दाबाची खोली) आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा.

जाहिरातीतला दर पूर्ण नसतो. बोटीवर माणशी दिवसाला १२ डॉलरचा ग्रीन टॅक्स १ जानेवारी २०२५ पासून आहे. नायट्रॉक्स, भाड्याचं साहित्य, इंधन अधिभार आणि टिप वेगळी. शाकाहारी असाल तर आधी कळवा, एरवी ताटात मासेच. दारूची बाटली सामानात नेऊ नका, मालेत कस्टम्स ती काढून घेतं.

परतीचं विमान शेवटच्या बुडीनंतर निदान अठरा तासांनी हवं, चोवीस धरलेले बरे. म्हणजे आदल्या दिवशी सकाळी शेवटची बुडी, दुपारभर डेकवर सूट वाळत घालायचा, रात्री बॅग भरायची.