ओरोरोन रस्ता : समुद्र डाव्या हाताला ठेवून वाक्कानाईपर्यंत

मंडळी, सापोरोहून जपानच्या उत्तर टोकाला, वाक्कानाईला जायचं तर होक्काइदो बेटाच्या पश्चिम किनाऱ्याचा ओरोरोन रस्ता धरा, आणि तो दक्षिणेकडून उत्तरेकडेच करा. जपानमध्ये गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. उत्तरेला जाताना समुद्रही डावीकडेच राहतो, त्यामुळे थांबताना समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही.

अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. नकाशा सहा तास दाखवतो, पण दोन दिवस ठेवा आणि मुक्काम हाबोरोला करा. रुमोईपर्यंत 231 क्रमांकाचा महामार्ग आहे. त्यावर ओफुयूजवळचे कडे इतके उभे आहेत, की हा रस्ता सलग व्हायला 1981 उजाडलं. पुढे 232 वर ओबिराला हानादा घराण्याचं लाकडी बानया नक्की बघा. हेरिंग माशाच्या हंगामात कोळी आणि मालक एकाच छपराखाली राहत, ते हे घर. 1950 च्या दशकात इथला हेरिंग जवळपास संपला आणि किनाऱ्यावरची गावं ओसरली. आज पंप आणि दुकानं विरळ का, हे तिथेच कळतं.

तेशिओनंतर 106 क्रमांकाचा रस्ता लागतो. माझ्या मते सगळ्या प्रवासाचं सार इथे आहे: उजवीकडे सारोबेत्सूची पाणथळ, डावीकडे समुद्रातून थेट वर आलेला 1,721 मीटरचा रिशिरी डोंगर. पण या सुमारे 70 किलोमीटरमध्ये पेट्रोल मिळेल असं धरू नका. टाकी तेशिओलाच भरा. लहान गावांतले पंप संध्याकाळी लवकर आणि पुष्कळदा रविवारी बंद असतात. ‘रेग्युलर, मान्तान’ एवढं म्हटलं की टाकी फुल्ल होते. स्वतः भरताना लाल नोझल रेग्युलरचं, हिरवं डिझेलचं.

धोका वळणांत नाही, सरळपणात आहे. मर्यादा साधारण 60 ची, आणि रिकाम्या रस्त्यावर काटा कधी 90 वर जातो ते कळत नाही. त्यात तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जास्तच. एक ओलांडून गेलं की मागून दुसरं येणार, असं धरूनच थांबा. ब्रेक सरळ दाबा. स्टिअरिंग फिरवलंत तर गाडी खड्ड्यात किंवा समोरच्या वाहनावर जाते. जूनअखेर सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, ऑक्टोबरअखेर साडेचारलाच. मुक्काम त्या हिशेबाने ठरवा.

रस्त्यावर लटकणारे लाल-पांढरे बाण बर्फात रस्त्याची कड दाखवतात. वाऱ्याने बर्फ उडू लागला की तेही दिसेनासे होतात. बर्फात चालवायची सवय नसेल तर हिवाळ्यात रेल्वेने जा.

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतूनच काढा. जपानला 1949 च्या जिनिव्हा कराराचा नमुना लागतो, आणि भारताचा तोच आहे. मूळ परवाना व पासपोर्ट जवळ ठेवा. रेल्वे फाटक उघडं असलं तरी गाडी पूर्ण थांबवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. हरणाला धडक बसली तर 110 वर पोलिसांना कळवा. पोलिसांत नोंद नसेल तर भाड्याच्या गाडीचा विमा सहसा मिळत नाही.